सोलापुरात गाडीला साधं पेट्रोल की प्रीमियम? माझा कौल

सोलापुरात कुठल्याही पंपावर गाडी लावली की काचेपाशी पहिला प्रश्न येतो, "ताई, पॉवर टाकू का साधं?" कंपनीप्रमाणे नाव तेवढं बदलतं. हिंदुस्थान पेट्रोलियमकडे पॉवर, भारत पेट्रोलियमकडे स्पीड, इंडियन ऑइलकडे एक्सपी ९५. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं उत्तर आधीच सांगून टाकते. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेली, रोजच्या वापराची पेट्रोल गाडी असेल तर साधंच भरा. टर्बो असेल तर गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून बघा, आणि उन्हाळ्यापुरता वेगळा विचार करा. हे उत्तर कसं आलं ते पुढे लिहिते, कारण आमच्या ओळखीतले कितीतरी लोक "गाडीला चांगलं खायला घालावं" या भावनेने दर टाकीला जास्तीचे पैसे देत आहेत, आणि ते पैसे कशाचे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

माझं काम टॉवेल आणि चादरींच्या ऑर्डरींचं. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि चिंचोळीतले कारखाने एका बाजूला, पुण्यातली हॉटेलं आणि दवाखाने दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. डिकीत कायम टेरी टॉवेलच्या नमुन्यांचे गठ्ठे. गावात आसरा चौक, सात रस्ता, जुना पुणे नाका अशी सिग्नलवर थांबत-थांबत फिरती, आणि अधूनमधून टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुणं. गाडी १.२ लिटरची हॅचबॅक, २०२१ सालची, टर्बो नाही. चालवते मीच, आणि पेट्रोल माझ्या कमिशनमधून जातं.

आधी पैशाचं बोलू. मी हा हिशोब केला तेव्हा माझ्या बिलांवर साधं पेट्रोल लिटरला १०४-१०५ रुपयांच्या घरात होतं आणि प्रीमियम त्याच्यावर सात-आठ रुपये. टाकी ३७ लिटरची. म्हणजे टाकी फुल्ल केली की पावणेतीनशे रुपये जास्त. टक्क्यात धरलं तर साधारण सात टक्के. हा सात टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा हिशोब त्यावरच आहे. ज्या गाडीला साध्यावर १८ चं ॲव्हरेज मिळतं, तिला प्रीमियमवर सव्वाएकोणीसच्या पुढे मिळालं तरच पैसे वसूल. त्याच्या आत जे काही मिळेल तो तोटा.

मी मोजलं. पद्धत साधी आहे, घरच्या घरी कुणालाही जमेल. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची, आणि परत त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा आपोआप बंद पडेपर्यंत भरायची. जितके किलोमीटर झाले त्याला भरलेल्या लिटरने भागायचं. नोझल बंद पडल्यावर "राऊंड फिगर करू का" म्हणून वरून थेंब-थेंब घालू द्यायचं नाही, नाहीतर मोजमाप बिघडतं. साधं आणि प्रीमियम असं आलटून-पालटून उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही ऋतूंत भरलं. पुण्याच्या रस्त्यावर दोन्हींचं ॲव्हरेज १८ च्या आसपासच राहिलं. कधी साधं थोडं पुढे, कधी प्रीमियम. समोरून वारा असला किंवा मोडनिंबच्या पुढे एसी वाढवला तर त्याने जितका फरक पडतो, तितकाही पेट्रोलने पडला नाही. गावातल्या फिरतीत तर फरक शोधूनही सापडला नाही.

पिकअपचं म्हणाल, तर आमच्या ह्यांना न सांगता मी टाकी कधी याची, कधी त्याची भरून ठेवायची. ते गाडी विजापूर रोडला घेऊन जायचे, आल्यावर मी विचारायची, आज कशी वाटली? त्यांची गाडीची जाण माझ्यापेक्षा जास्त, क्लचचा बारीकसा बदलही त्यांना कळतो. पण कुठलं पेट्रोल होतं हे त्यांना ओळखता आलं नाही. तीन कंपन्यांच्या प्रीमियममध्ये आपसात काही फरक आहे, असंही मला जाणवलं नाही.

असं का, हे समजून घ्यायला ऑक्टेन समजून घ्यावं लागतं. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, हा समज पंपापासून शोरूमपर्यंत सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. मग प्लगची ठिणगी पडते आणि जाळ एका बाजूने पसरत जातो. तो पोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आपोआप पेटलं, तर दाबाचा एकदम दणका बसतो आणि बॉनेटखालून कट्-कट् असा लोखंडी आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात "नॉक करतंय" ते हेच. असं वेळेआधी न पेटता दम धरण्याची जी क्षमता, ती म्हणजे ऑक्टेन. मोजण्यासाठी दोन द्रव ठरवलेले आहेत: आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य. ९१ आकड्याचं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखं वागतं. यात ऊर्जा किती, हा प्रश्न कुठेच येत नाही.

म्हणून ज्या इंजिनाची गरज ९१ ची आहे, त्याला ९५ दिलं तरी बहुतेक वेळा त्या वरच्या चारचं ते काही करू शकत नाही. ठिणगी किती आधी टाकायची याचा तक्ता कंपनीने गाडीच्या संगणकात भरून दिलेला असतो आणि इंजिन त्या मर्यादेतच चालतं. नॉकिंग व्हायला लागलं तर नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ठिणगी थोडी उशिरा टाकायला लावतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही जरा पडतात. जास्त ऑक्टेनचा फायदा होतो तो इथे, ही माघार घ्यायची वेळ टळते म्हणून. माझ्या गाडीच्या पुस्तकात किमान ९१ लिहिलंय, आणि तिने मे महिन्यातही कधी कट्-कट् केलेलं नाही. जो त्रास नाहीच, त्याचं औषध मी का विकत घ्यावं?

आता इथेनॉलकडे येते, कारण हल्ली पंपावरची निम्मी चर्चा त्याचीच आहे. बीएस-६ (गाड्यांच्या प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) च्या मानकाप्रमाणे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१ आणि प्रीमियमचं किमान ९५ ठरलं होतं. पण २०२५ पासून देशभर साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर आहे. ते मिसळलं की मिश्रणाचं ऑक्टेन आपोआप चढतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जो खुलासा केला, त्यात हे स्पष्ट म्हटलंय: पूर्वी ८८ असलेलं साध्या पेट्रोलचं ऑक्टेन बीएस-६ साठी ९१ झालं, आणि २० टक्के इथेनॉलमुळे ते ९५ पर्यंत पोचलं. म्हणजे ज्या ९५ साठी आपण सात-आठ रुपये जास्त देतो, तितकं ऑक्टेन साध्या नोझलमधूनही येतंय, असं सरकारच सांगतंय. हे वाचल्यापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटले आहे.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. पुष्कळ जण प्रीमियम भरतात ते इथेनॉल टाळायला. माझ्याच भिशीतल्या दोघी म्हणाल्या, "आम्ही पॉवर भरतो, त्यात ते उसाचं नसतं." असं नाही ओ! ९५ वाल्या प्रीमियममध्येही इथेनॉल येतं. इथेनॉलशिवायचं म्हणून विकलं जातं ते एक्सपी १०० सारखं १०० ऑक्टेनचं पेट्रोल. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने ते पहिल्यांदा दहा शहरांत आणलं तेव्हा यादीत पुणं होतं, सोलापूर नव्हतं, आणि दिल्लीत भाव लिटरला १६० रुपये होता. माझ्या हॅचबॅकला त्या भावाचं पेट्रोल घालण्यात काही अर्थ नाही.

इथेनॉलबद्दल मला राग नाही. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आमच्या सोलापूर जिल्ह्यात आहेत. गाळप सुरू झालं की मोहोळ-पंढरपूरच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी हळू चालवावी लागते, आणि डिस्टिलरीच्या जवळून गेलं की मळीचा आंबूस वास काच बंद असली तरी आत येतो. त्या उसाचे पैसे शेतकऱ्याला वेळेवर मिळायला इथेनॉलचा हातभार लागत असेल तर मला ते हवंच आहे. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ही गोष्ट पंपावरच्या फलकावर लिहायला हवी होती. २० टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या, जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल असाच अंदाज होता. ऑक्टेन वाढलं आणि ॲव्हरेज घटलं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार? आणि ही घट प्रीमियम भरून भरून निघत नाही, कारण त्यातही तेच इथेनॉल आहे.

मग प्रीमियममध्ये जास्तीचं असतं काय? ॲडिटिव्ह. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि व्हॉल्व्हवर (झडपेवर) कार्बन बसू नये म्हणून घातलेली सफाईची रसायनं. ही गोष्ट खोटी नाही, आणि मी ती झटकून टाकत नाही. यासाठी मी आमच्या गॅरेजवाल्या चाचांकडे गेले. गेली कितीतरी वर्षं ते सात रस्त्याच्या पुढे गॅरेज चालवतात आणि आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेल्या आहेत. त्यांनी काही भाषण दिलं नाही. माझ्या गाडीचा एक प्लग खोलला, फडक्यावर ठेवला आणि उजेडात धरला. टोकाशी चिनीमातीचा जो पांढरा भाग असतो, त्यावर फिकट बिस्किटी रंग चढलेला होता. "ये देखो ताई, ऐसा रंग पाहिजे. काळा पडला तर पेट्रोल जास्ती जळतंय, एकदम पांढरा झाला तर इंजिन तापतंय. तुमचं चांगलं आहे. कशाला पॉवर?" मग शेजारच्या गाडीतून काढलेला प्लग दाखवला, काजळीने काळाकुळकुळीत, बोट लावलं की बोट काळं. ती गाडी रोज शाळा आणि घर एवढीच चालते, इंजिन गरम व्हायच्या आत बंद. चाचांचं म्हणणं असं, की अशा गाडीला आठवड्यातून एकदा तुळजापूर नाक्याच्या पुढे हायवेला पंधरा-वीस किलोमीटर मोकळी पळवली, एअर फिल्टर वेळेवर बदलला, तर अर्धं काम होतं. सोलापूरच्या धुळीत फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर चोंदतो, हे मीही बघितलंय. ज्यांना ॲडिटिव्हचा फायदा हवाच आहे, त्यांनी अधूनमधून एखादी टाकी प्रीमियमची भरावी, इतपत मला पटतं. दर वेळी भरणं पटत नाही.

एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण जाहिरातीत तो नसतो. सफाईचं ॲडिटिव्ह इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, धुतं ते पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून गेलं तर. साध्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी फवारलं जातं, तेव्हा ते धुतलं जातं. डायरेक्ट इंजेक्शनच्या नव्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला शिवतच नाही. तिथे ॲडिटिव्हचा उपयोग इंजेक्टरच्या तोंडापुरता.

आता प्रीमियमची खरी बाजू, ती पण मनापासून सांगते. माझ्या भाच्याकडे एक लिटरची टर्बो गाडी आहे. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, त्यामुळे आत दाब आणि उष्णता आधीच जास्त. त्यात सोलापूरचा मे महिना, पारा ४३-४४ वर, आत शोषली जाणारी हवाच तापलेली. चार मोठी माणसं, देवीच्या ओटीचं सामान, एसी पूर्ण, आणि तुळजापूरचा चढ. अशा वेळी साध्यावर त्याची गाडी चढाला जड वाटायची, तिसऱ्यात टाकून ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जरा अडखळून उचलायचं. प्रीमियम भरल्यावर तेच चढण तिने मोकळ्या श्वासाने घेतलं, आणि हा फरक मागे बसून मलाही कळला. साध्यातही ९५ येत असेल तर असं का, हे मला सांगता येत नाही, पण अनुभव असा आहे. हिवाळ्यात त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर मला फरक कळला नाही. त्याच्या गाडीच्या पुस्तकात किमान ९१, पण ९५ असेल तर उत्तम असं लिहिलंय. म्हणून मी त्याला सांगितलंय, मार्चपासून जूनपर्यंत प्रीमियम भर, पाऊस पडला की साध्यावर ये. तो तसंच करतो. ज्यांच्या पुस्तकात किमान ९५ च लिहिलंय, त्यांनी मात्र माझं ऐकू नये, पुस्तकाचं ऐकावं.

आता पंपावरच्या वागणुकीबद्दल, कारण सेवा म्हणून परीक्षण करायचं तर ते सोडून चालणार नाही. शहरातल्या एका पंपावर, नाव घेत नाही, मी "साधं, फुल्ल" असं स्पष्ट सांगितलं. मुलाने मान डोलावली, "झिरो बघा ताई" म्हणाला, आणि प्रीमियमचं नोझल लावलं. शून्य मी बघितलं, पण दर बघेपर्यंत निम्मी टाकी भरून झाली होती. विचारलं तर म्हणाला, "साधं संपलंय." शेजारच्या मशीनवर रिक्षावाल्याला साधं मिळत होतं. मी मॅनेजरला बोलावलं, आणि त्यांनी फरकाचे पैसे परत केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण प्रत्येकाला मॅनेजरला बोलवायला वेळ असतो का? रांगेत मागे हॉर्न वाजत असताना आजी-आजोबा काय करणार? म्हणून शून्य बघताना त्याच्या खालचा दरही बघा. मशीनवर रक्कम, लिटर आणि दर असे तीन आकडे असतात, आणि चुकीचं नोझल दराच्या आकड्यातच पकडलं जातं.

आणि शंका आली तर तपासणी मागायला लाजू नका, तो ग्राहकाचा हक्क आहे. प्रत्येक पंपावर फिल्टर पेपर ठेवलेला असायला हवा. नोझलचं तोंड पुसून घ्यायला सांगायचं आणि कागदावर एक थेंब सोडायचा. मी हे करून बघितलं. थेंब पसरतो, कडेने सुकत येतो, आणि दोनेक मिनिटांत उडून जातो. मागे तेलकट डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यायचा. फिकट गुलाबीसर छटा राहिली तर घाबरायचं नाही, तो पेट्रोलला दिलेला रंग असतो. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं माप मागायचं, त्याच्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. घनतेचा आकडा पंपावर लिहिलेला असतो, तोही तपासता येतो, पण उन्हाळ्यात पेट्रोल तापून फुगलेलं असल्याने जारमधला आकडा कमी दिसतो. तो तक्त्यावरून १५ अंशांवर आणून मगच ताडायचा, नाहीतर विनाकारण भांडण होतं. माझ्या मते साधं की प्रीमियम यापेक्षा शुद्ध आणि पुरेपूर मापाचं मिळतंय का, हा प्रश्न गाडीच्या दृष्टीने कितीतरी मोठा आहे. मी पुणे रोडवरचा एक पंप धरून ठेवलाय तो याचसाठी. तिथे मागितल्यावर कपाळाला आठी न घालता फिल्टर पेपर देतात, आणि हवा भरणारा मुलगा प्रेशर विचारून भरतो.

हवेचं निघालंच आहे तर, त्या पावणेतीनशे रुपयांपेक्षा टायरमधल्या हवेने मला जास्त वाचवून दिलंय. ती फुकट असते. सकाळी टायर गार असताना भरायची, दुपारी बाराच्या उन्हात नाही.

शेवटची सूचना बिलाबद्दल. छापील बिल मागूनच घ्या, मोबाइलवरून पैसे दिले असले तरीही. त्यावर पेट्रोलचं नाव, दर आणि लिटर छापलेले असतात. त्याच्या मागे किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला की ॲव्हरेजची वही आपोआप तयार होते, आणि चुकीचं नोझल लागलं असेल तर पैसे परत मागायला पुरावाही हातात राहतो. फक्त तो कागद डॅशबोर्डवर ठेवू नका. सोलापूरच्या उन्हात दोन दिवसांत त्यावरची अक्षरं उडतात. घरी गेल्यावर लगेच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.